दोन पट्ट्यांची काठी

आमच्याकडे ठेवलेली सासऱ्यांची गळाची काठी मी हौसेनं तळ्यावर नेली आणि गाडीच्या दारात चेपून मोडली. दुसऱ्या दिवशी ते येणार होते. मी धारूरच्या बाजारात, काठ्या बनवणाऱ्या आमच्या ओळखीच्या माणसाकडे पळालो. तो गिऱ्हाइकापेक्षा बांबूशीच जास्त बोलतो. "लई दुखलं का रं?" त्यानं काठीला विचारलं. मोडल्या जागी आतून कांडी बसवली, वरून लाल दोरा गुंडाळून व्हार्निश दिलं. मग दुसऱ्या, न मोडलेल्या जागीही तसाच दोरा गुंडाळला.

"तिथं कशाला?" मी विचारलं.

"एक पट्टी म्हंजी मोडलेली काठी, सायेब. दोन म्हंजी नक्षी."

सासऱ्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि ते हसले. माझा जीव भांड्यात पडला.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "बाबांच्या जुन्या काठीवरही अशाच दोन पट्ट्या आहेत. आईला अजून ती नक्षीच वाटते."