विमानवाहू जहाजावरचे खिल्लारेमामा

खिल्लारेमामा कुठेही शिरले की आधी माणसं मोजत. लग्नाचा मांडव असो, चहाचं हॉटेल असो की आमचं ऑफिस. दारात क्षणभर थांबायचे, नजर फिरवायचे आणि मगच बसायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आग लागल्यावर मोजाया टाइम नसतो, भाऊसाहेब. किती होते ते आधीच ठाऊक पाहिजे."

सेलूतल्या एका जिनिंग फॅक्टरीत, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कारकून होतो आणि आगीवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. त्याआधी पंधरा वर्षं ते नौदलात होते. त्यातली बहुतेक वर्षं आपल्या आरमाराच्या तेव्हाच्या एकुलत्या एक विमानवाहू जहाजावर गेली. मोठ्या देशांच्या जहाजांपुढं ते लहानच, हे तेच सांगत. आखूड डेक, त्यावर आडव्या ताणलेल्या तारा. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीचा आकडा तारेत अडकला तर विमान थांबायचं, नाही तर पुन्हा आभाळात. असं प्रत्येक विमान उतरताना खिल्लारेमामा आगीचा जाड पोशाख घालून कडेला उभे असत. विमान पेटलं तर आत शिरून वैमानिकाला ओढून काढायचं.

"किती जणांना काढलं?" मी विचारलं.

"दोघांना. बाकी सगळे दिवस नुस्तं उभं. उभं राहनं हीच नोकरी होती."

कापसाच्या ढिगाजवळ ते तसेच उभे असत. पाण्यात भिजवलेली पोती आणि वाळूच्या बादल्या हाताशी. शेठच्या मेव्हण्याच्या तोंडातली पेटती बिडी त्यांनी सगळ्यांसमोर काढून वाळूत खुपसली होती. मुकादमाला हे खटकायचं. "जहाजावरून आलाय म्हनं," तो पाठीमागं म्हणायचा, "ऱ्हातो तर वाड्यातच ना?" वाडा म्हणजे बौद्धवाडा.

अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांची घरं पेटली. दिवाळीनंतर जिन सुरू झाला तेव्हा दोन्हीकडची तीच माणसं पुन्हा कामाला आली, पण पाण्याच्या हौदापाशी आता दोन रांगा लागत. खिल्लारेमामांनी दोन दिवसांची रजा मागितली. अर्जावर कारण लिहिलं, 'घरगुती'. त्यांच्या बहिणीचं घर जाळलं होतं, हे मला पुढं कधी तरी दुसऱ्याकडून कळलं.

त्याच आठवड्यात ते ऑफिसात आले. "रजिस्टरात लिवा. तीन नंबर जिनाचं बेअरिंग लय तापायलंय. टाइम टाका. शेठला दाखवा."

मी लिहिलं, वेळ टाकली आणि शेठला दाखवलं. शेठ म्हणाला, "एवढा ढीग निघू दे, मग बघू."

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन नंबरवर जाळ उठला. कुणी तरी पाण्याचा पाइप उचलला तसे खिल्लारेमामा ओरडले, "जोरात मारू नका! कापूस उडंल, आग पसरंल! पोती टाका, पोती!" माणसं खोकत, धडपडत अंगणात आली. मामा दारात उभे राहून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते.

"एकवीस. बावीस होते. कोन ऱ्हायलं?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग एक बाई किंचाळली, "गयाबाई!"

ओलं पोतं डोक्यावर घेऊन ते आत गेले. छपराचे पत्रे तडतडत होते. मला वाटलं, संपलं सगळं. मग धुरातून ते वाकलेले बाहेर आले, पाठीवर गयाबाई. तिला श्वास होता. मामांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता.

आग आटोक्यात यायला तास गेला. तेवढ्यात गेटबाहेर गर्दी जमली आणि मुकादम ओरडला, "लागली न्हाई, लावलीय! दिगंबर होता तितं सकाळी!"

दिगंबर हा वाड्यातला हमाल. तो भिंतीला टेकून खोकत होता. चार-पाच जण काठ्या घेऊन आत घुसले. खिल्लारेमामा दिगंबरच्या पुढं जाऊन उभे राहिले. हाताची कातडी लोंबत होती. आवाज मात्र चढला नाही.

"भाऊसाहेब, रजिस्टर आना."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. शेठ माझ्या अगदी जवळ उभा होता. हळूच म्हणाला, "रजिस्टर जळालं असंल, नाही का?"

ऑफिसला आगीची झळही लागली नव्हती. मी तिकडं चालू लागलो. पाठीमागं कुणी तरी म्हणालं, "आता काय वाचता, हाना त्याला." मी रजिस्टर घेऊन आलो आणि तीन दिवसांपूर्वीची बेअरिंगची नोंद वाचली. माझा आवाज चिरकत होता. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचली तेव्हा तो सगळ्यांना ऐकू गेला.

"जावा, बेअरिंग बघा," मामा म्हणाले.

म्हातारा मिस्त्री आत जाऊन आला. "तापून निळं पडलंय," तो म्हणाला. "तितूनच लागली." काठ्या खाली आल्या. शेठ मान खाली घालून निघून गेला. मुकादम त्याच्यामागं.

दिगंबर त्या दिवशी सुखरूप घरी गेला. खिल्लारेमामांना आठवड्यानं सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. माझी नोकरी राहिली. त्यांच्यासाठी मी शेठकडं शब्दही टाकला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

ते बायकोच्या माहेरी, नांदेडकडं निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेलो. हाताला अजून पट्टी होती. गाडीला उशीर होता. न राहवून मी विचारलं, "मामा, त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"लय वाटली. जहाजावर कधी इतकी वाटली न्हाई."

"आगीची?"

"आगीचं काय, ती समोर असती. जहाजावर पाठीमागं कोन हाय हे पक्कं ठाऊक असायचं." त्यांनी हातावरची पट्टी सारखी केली. "तुमी ऑफिसकडं निघाले ना, तवा मला वाटलं, तुमी घरी चालले."

गाडी आली. मी त्यांची ट्रंक डब्यात चढवली. त्यांनी उजव्या हातानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुन्हा आमची भेट झाली नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं.

ऑफिसला लागूनच फॅक्टरीचं मागचं दार होतं आणि ते माझ्या घराच्या गल्लीत उघडायचं. आगीच्या दिवशी ते उघडं होतं. ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत मलाही माहीत नव्हतं, मी कुठं चाललोय. हे मी त्यांना सांगितलं नाही.