एका दिवसाची भाजी

गोदावहिनींच्या फ्रीजमध्ये मी कधी भाजी पाहिली नाही. विरजणाचं भांडं, नवऱ्याच्या इन्सुलिनच्या कुप्या, पाण्याच्या दोन-तीन बाटल्या. भाजीचा खालचा कप्पा मात्र कोरडा ठणठणीत. आमच्या हिला याचं भारी नवल. ही एकदा बाजारात गेली की आठवड्याचा बंदोबस्त करून येते. गोदावहिनी रोज जायच्या आणि एका दिवसापुरतंच आणायच्या. एखादी जुडी, दोन वांगी, फार तर मूठभर मिरच्या. "अवो, दोन दिवसांचं आणलं तं हात मोडते का तुमचा?" असं हिनं विचारलं, की त्या म्हणायच्या, "भाजी अन् माणूस, दोन दिस घरात कोंडले का मान टाकते."

आदिलाबादेत मावला गावाच्या बाजूला आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. वहिनींचे यजमान नारायणराव तहसील कचेरीतून रिटायर झालेले, मी पोस्टातून. दोघांचेही वाडवडील कधीतरी पैनगंगेपलीकडून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. कचेरीत तेलुगू, दुकानात हिंदी, घरात आपली मराठी. नारायणरावांच्या मराठीत कचेरीतली जुनी उर्दूही असायची. मुलानं, प्रशांतनं, सायकल मागितली तर "दरख्वास्त नामंजूर." एखादा वाद मिटवायचा असला तर "दाखलदफ्तर." म्हणजे कागद कपाटात गेला, आता त्यावर चर्चा नाही. पुढे त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. दैवाची थट्टा अशी, की जे चार शब्द तोंडात उरले त्यात हे दोन होते.

प्रशांत हैदराबादला नोकरीला, त्यामुळे सगळं वहिनींच्या अंगावर पडलं. पहाटे उठून त्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, चादरी धुवायच्या, घासागणिक थांबून भरवायचं, ते होतं न होतं तोच परत कूस बदलायची. दिवस असा कधी सुरू व्हायचा नाही आणि संपायचाही नाही. वहिनी मूळच्या भैंशाकडच्या एका खेड्यातल्या, उंच आणि खणखणीत आवाजाच्या. त्या आवाजाला हळूहळू गंज चढला. मी एकदा म्हणालो, "वहिनी, थकल्या तुमी." त्या चादर पिळता पिळता म्हणाल्या, "थकलो म्हणाले बी दम लागते, भाऊजी."

संध्याकाळी पाचच्या सुमारास माझी ड्यूटी लागायची. रिटायर माणूस म्हणजे गल्लीतली सामाईक सायकल, ज्याला लागेल त्यानं न्यावी. मी वर्तमानपत्र घेऊन नारायणरावांच्या पलंगाशेजारी बसायचो, आणि वहिनी तोंड धुऊन, केस विंचरून, लुगडं बदलून, खुंटीवरची कापडी पिशवी घ्यायच्या. "येतो भाऊजी." दारातली चप्पल वाजायची आणि गेल्या. मी बातम्या मोठ्यानं वाचायचो. नारायणराव कधी हुंकार द्यायचे, कधी डोळा लागायचा. खोटं कशाला बोलू, मला कंटाळा यायचा. दिवेलागणीनंतर वहिनी यायच्या त्या पिशवीत एक जुडी घेऊन. एका जुडीला एवढा वेळ! मला वाटायचं, बाई घासाघीस फार करत असणार.

एका संक्रांतीला प्रशांत आला होता. तो वडिलांजवळ बसला म्हणून मी वहिनींसोबत रैतू बाजाराला गेलो. सरकारनं शेतकऱ्यांसाठी बांधलेला हा बाजार. पत्र्याखाली ओट्यांच्या रांगा, दारात खडूनं लिहिलेला तेलुगूतला भावाचा फळा. मी पहिल्याच ओट्यावर दुधीला हात घातला तशा वहिनी म्हणाल्या, "थांबा ना भाऊजी. पयला फेरा डोळ्याचा, दुसरा हाताचा." मग त्यांनी रिकाम्या पिशवीनिशी अख्खा बाजार पालथा घातला. कुठे तेलुगूत, कुठे आपल्या बोलीत, प्रत्येक ओट्यावर काही ना काही विचारत. कापूस वेचून झाला का? पोरगी बाळंतपणाले आली का? म्हशीचा पाय कसा हाये? त्यांच्या आवाजावरचा गंज मला दर ओट्यागणिक उतरताना ऐकू येत होता.

शेवटच्या रांगेत मल्लव्वा नावाची बाई पालेभाजी घेऊन बसते. वहिनींना पाहताच तिनं काही न विचारता एक पालथं क्रेट पायानं पुढे सरकवलं. "कूर्चो अम्मा." बस आई, एवढंच म्हणाली. वहिनी ओट्यामागे, पाल्याच्या कचऱ्यात, चक्क पाय पसरून बसल्या. चहा आला. दोघी फारसं बोलतही नव्हत्या. मल्लव्वा जुड्या बांधत होती आणि वहिनी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होत्या. मी हातात दुधी धरून ठोंब्यासारखा उभा. इतक्या वर्षांच्या शेजारात वहिनींना पाय पसरून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, अंबाडीची एक जुडी घेतली आणि निघाल्या. बाजाराच्या फाटकापर्यंत येईतो त्यांची पाठ परत वाकली होती.

घरी येऊन मी हिला म्हणालो, "वहिनी भाजीले जात नाही वं."

"मंग?"

"बसाले जाते."

 त्यानंतर हिनं वहिनींना पुन्हा फ्रीजवरून छेडलं नाही.

पण प्रशांतनं जे पाहिलं ते वेगळंच. थंडीत कुडकुडत, कापसाच्या ट्रॅक्टरांनी अडलेल्या रस्त्यातून, शेअर रिक्षात अंग चोरून आई रोज भाजीला जाते, एवढंच त्याला दिसलं. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही. परत जाण्याआधी त्यानं फोनवरून सगळी व्यवस्था लावली. भाजीची गाडी सकाळी दारात येणार, पैसे तिकडूनच जाणार. "आई, तुझी दगदग मला बघवत नाही. आता बाजारात जायचं कामच नाही तुला." गल्लीनं त्याचं तोंड भरून कौतुक केलं. वहिनी म्हणाल्या, "बरं केलं बाबा." दुसरं काय म्हणणार होत्या? एवढी दगदग माझ्याजवळ राहू दे, असं कोणत्या आईला पोराला सांगता येतं?

गाडी येऊ लागली. प्लॅस्टिकात गुंडाळलेला फ्लॉवर, एका मापाचे टमाटे, शेंगा, गाजरं. फ्रीजचा खालचा कप्पा भरला आणि पिशवी खुंटीवर राहिली. मी सवयीनं पाचला गेलो तर वहिनींनी दार उघडलं ते सकाळच्याच लुगड्यात, केस तसेच. "बसा, च्या ठेवतो."

"मी बसतो ह्यायच्यापाशी. तुमी जरा पाय मोकळे करून या ना."

"कशाले? समदं तं घरात हाये."

आमच्याकडे बाईमाणसाला घराबाहेर पडायला काहीतरी आणायचं असावं लागतं. आजारी नवऱ्याला टाकून नुसती हिंडायला गेली, असं कोणी म्हणायच्या आधी ती स्वतःच स्वतःला म्हणते. वहिनी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. चहा द्यायच्या आणि पलंगाच्या कडेला बसून भिंतीकडे बघत राहायच्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

इथे एक मधली गोष्ट सांगायला हवी. संक्रांतीच्या थोडं आधी आमच्या हिनं कढी केली होती आणि बोलण्याच्या नादात तिच्यात दोनदा मीठ पडलं. त्यातली वाटीभर मी नारायणरावांना चमच्यानं पाजून आलो. ते शेवटच्या थेंबापर्यंत शांतपणे प्याले. घरी येऊन मी जेवायला बसलो तर ती कढी जिभेला लाववेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाची चवही गेलेली आहे. वहिनींना मी हे सांगितलं नाही. आधीच त्यांना काय थोडं होतं!

आता झालं असं, की एका संध्याकाळी वहिनी त्यांना फ्लॉवरची मऊ शिजवलेली भाजी भरवत होत्या. पहिला घास त्यांनी जिभेनं बाहेर ढकलला. "नामंजूर." वहिनींनी हनुवटी पुसून दुसरा घास दिला. तोही बाहेर. दुसऱ्या दिवशी शेंगा नामंजूर, तिसऱ्या दिवशी गाजरं. पेजेवर दिवस निघेनात. प्रशांतला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, काय प्रॉब्लेम आहे? एकदम फ्रेश असते ती भाजी."

"नामंजूर."

"मग पाहिजे काय तुम्हाला?"

नारायणरावांनी डावा हात मोठ्या कष्टानं उचलला आणि खुंटीकडे बोट केलं. "बा...जार." तो एक शब्द बाहेर काढताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या.

प्रशांतनं कपाळाला हात लावला. "आई, यांच्यापुढे कोण काय बोलणार? बंद करतो ती गाडी."

"जल्माचा हट्टी माणूस!" वहिनी कडाडल्या. "जागेवर पडून बी मलेच नाचवून राह्यला! आता या थंडीत जा मरत तिकडं अंबाडीसाठी!" एकीकडे तोंड सुरू आणि एकीकडे त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले, लुगडं बदललं. पिशवी खुंटीवरून ओढली आणि निघाल्या. कित्येक दिवसांत इतका मोठा आवाज त्या घरात झाला नव्हता.

चप्पल वाजून गेली तसा मी खुर्ची पलंगाला भिडवली. "नारायणराव, त्या दिवशीची आमच्या हिची कढी नुसती मीठ व्हती. तुमी वाटीभर पेले. फ्लॉवर काय अन् अंबाडी काय, तुमाले चव लागते कुठं?"

 त्यांच्या तोंडाची जी बाजू अजून हलत होती तेवढी हलली.

"दाखल... दफ्तर," ते म्हणाले.

मीही मग तो कागद कपाटात टाकला.

त्यानंतर रोज पाच वाजले की पलंगावर चुळबुळ सुरू व्हायची. "बाजार, बाजार." वहिनी करवादायच्या, शिव्याशाप द्यायच्या, देवाला गाऱ्हाणं घालायच्या आणि जायच्या. दिवेलागणीनंतर एक जुडी घेऊन यायच्या. नारायणराव ती भाजी मुकाट्यानं खायचे. त्यांचं दुखणं हटलं नाही, वहिनींची कंबर बरी झाली नाही, चादरी रोज तशाच धुवाव्या लागत होत्या. मला मात्र पलंगाशेजारी बसायचा कंटाळा पुन्हा आला नाही. असे दोन हिवाळे गेले.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी नारायणराव गेले. आदिलाबादची थंडी म्हाताऱ्या माणसांची नेहमीच परीक्षा घेते. त्यांची छाती भरली ती मोकळी झाली नाही. प्रशांतनं बासरला गोदावरीत अस्थी सोडल्या, सगळं रीतीप्रमाणे केलं. नातवंडांच्या परीक्षा झाल्या की आईला हैदराबादला न्यायचं ठरलं. आलेगेले पांगले आणि पलंग उभा करून ठेवलेल्या त्या खोलीत वहिनी एकट्या राहिल्या. दिवसच्या दिवस दार लोटलेलं असायचं. शेवटी हीच मला म्हणाली, "त्यायले बाजारात तरी घेऊन जा. मल्लव्वापाशी बसन घडीभर."

मी पाचला गेलो. वहिनी आल्या, अंगावर होत्या त्याच लुगड्यात.  बाजारात शिरल्या आणि फाटकाजवळच्या पहिल्याच ओट्यावर थांबल्या. न बघता, भाव न विचारता दोन जुड्या उचलल्या, पिशवीत टाकल्या आणि माघारी वळल्या. कडेच्या मोकळ्या बोळातून मल्लव्वानं पाहिलं असावं. "अम्मा! कूर्चो अम्मा!" तिची हाक आली. तिनं क्रेटही पुढे सरकवलं होतं. वहिनींनी लांबूनच हात केला, "रेपु वस्ता," उद्या येते म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. माझी वांगी अजून निवडून व्हायची होती. तशीच टाकून मी त्यांच्या मागे धावलो.

"वहिनी, जरा बसाचं तं व्हतं. आता घाई कायची? घरी कोण..." मी जीभ चावली.

त्यांना राग आला नाही. फाटकाच्या कडेला उभ्या राहून त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"ह्यायले चव लागत नव्हती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मले पयल्यापासून मालूम व्हतं. अळणी द्या का खारट द्या, समदं सारखंच. तरी नामंजूर म्हणत. काऊन म्हणत, ते का मले समजत नव्हतं? म्हणून मी चिडल्यावानी करो अन् निंगो."

"मंग त्यायले कधी सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं त्यायले असं टाकून निघाले पाय उठला असता का माहा?"

रिक्षा आली. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणालो, "उद्या मी पाचाले येतो. उद्या सावकाश बसू."

"उद्या मी येत नाही, भाऊजी."

"काऊन?"

"आता मले बाजाराले धाडाले कोण हाये?"