हिवाळ्याच्या तोंडावर स्पिती : कर्मो घोडीचा आहार

घोडीच्या पोटी जन्म घेऊन देवांचे वैद्य झालेल्या अश्विनीकुमारांना आणि प्राणिमात्रांच्या जठरात अग्निरूपाने वसणाऱ्या नारायणाला प्रथम वंदन. त्यांच्या कृपेवाचून एकाहत्तराव्या वर्षी बारा हजार फुटांवर श्वास घेणे मला शक्य नव्हते. आता विषय सांगते : हाडे गोठवणाऱ्या थंडीत घोड्याने काय खावे, हे शिकायला मी झाशीहून हिमाचलातल्या स्पितीला गेले, त्या प्रवासाची ही हकिकत.

माझी नात मृण्मयी स्पितीत पशुवैद्य आहे. झाशीत वाढलेली, तिची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरते. दिवाळीनंतर तिचा फोन आला. "आजी, पिन खोऱ्यात एक पांढरी घोडी आहे, कर्मो. गाभण है, और सूखती जा रही है. बर्फापूर्वी अंग धरलं नाही, तर नाही वाचणार."

आमच्या घराण्यात दसऱ्याला घोड्याची पूजा करून भिजवलेले हरभरे आणि गूळ खाऊ घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. घोडा खंगला तर हरभरा, एवढे अश्वशास्त्र मला ठाऊक होते. मी निघायचे ठरवले. मुलगा म्हणाला, "आई, या दिवसांत लोक तिकडून खाली उतरतात."

"मग वर जायचा रस्ता मोकळा असेल," मी म्हणाले.

डॉक्टरांनी हृदय तपासून अनुज्ञा दिली. झाशीच्या सीपरी बाजारात पाच किलो हरभरे आणि दोन किलो गूळ घेतला, तेव्हा दुकानदार हसला, "काए अम्मा, इत्ते चना! बरात की घोड़ी पाल लई का?"

जाऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे : कार्तिकात मनालीकडची वाट बर्फाने बंद होते, शिमला आणि किन्नौरवरून जावे. मी दिल्लीला गाडी बदलून चंदीगड गाठले आणि तेथून टॅक्सी केली. पैसे वाचवायचे असतील, तर किन्नौरमधल्या रिकाँग पिओहून सकाळची बस काझाला, स्पितीच्या मुख्य गावी, जाते. पण सारा दिवस हाडे खिळखिळी होतात. रोख रक्कम खालूनच न्यावी. आणि घाई करू नये. रामपूरला एक रात्र, कल्पाला दोन, ताबोला दोन, असे थांबत मी वर चढले. कल्पाच्या खिडकीतून किन्नर-कैलासावर पहाटेचे ऊन उतरताना पाहिले आणि हातातली जपमाळ कितीतरी वेळ एकाच मण्यावर थांबली.

ताबोच्या पुढे झाडे संपतात. डोंगर राखेच्या रंगाचे, आणि नदीच्या कडेला बर्फाची साय. काझाला मृण्मयी भेटली. माझे बोचके उघडून तिने हरभरे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे तिला एक मूठही द्यायचं नाही. अचानक दाना मिला तो पोटशूळ उठेल. मरेल."

मला राग आला. पिढ्यांच्या श्रद्धेला कालच्या पोरीने विष म्हणावे! परंतु पिन खोऱ्याच्या वाटेवर तिने जे समजावले, ते ऐकून राग विरला. घोड्याच्या पोटात मागच्या बाजूला मोठे कोठार असते. जाडेभरडे गवत तेथे तासन्‌तास आंबते आणि त्या आंबण्यातून ऊब निर्माण होते. धान्य कापरासारखे, भडकन पेटून संपणारे. गवत गोवरीसारखे, आतल्या आत रात्रभर धुमसणारे. म्हणून थंडी वाढली की आधी वाळले गवत वाढवायचे. आणि पाणी कोमट द्यायचे. नुसते बर्फ चाटून तहान भागत नाही, कोरडे गवत आतड्यात अडकते. यज्ञकुंडात समिधा कशी घालावी, हे संस्कृत शिकवताना आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आले. पोटातल्या कुंडाचा विधी मात्र नातीकडून शिकले.

गावात आम्ही तेनझिनच्या घरी उतरलो. कर्मो त्याचीच. राहणे-जेवणे घरीच होते. शेवयांचा वाफाळता रस्सा म्हणजे थुक्पा, जवाची रोटी आणि लोणी घातलेला खारट चहा. तेनझिनच्या आईने, आमाने, दारातच माझे हात आपल्या हातांत घेतले. "जुले, जुले! इतना बूढ़ा होके आया?"

"आपसे छोटी हूँ," मी म्हणाले. ती खो-खो हसली.

कर्मो मात्र मला धष्टपुष्ट वाटली. मृण्मयीने माझा हात धरून तिच्या बरगड्यांवर दाबला. बोटभर दाट केसांखाली हाडे जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागली. हिवाळ्यातला घोडा डोळ्यांनी पाहायचा नसतो, हाताने पाहायचा असतो.

तेनझिन खिन्न होता. "डॉक्टर जी, घास पूरा देता हूँ. कीड़े की दवाई भी दी. इस बार ये बर्फ नहीं निकालेगी." मृण्मयीने पंधरा दिवसांपूर्वी पुढचे दात पाहिले होते, ते ठीक होते. दाढा पाहू लागताच कर्मोने मान झटकली होती.

मला चढ-उतार करण्याची मनाई होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यासमोर उन्हात घोंगडी पसरून मी नामस्मरण करत बसले. कर्मो गवत तोंडात घेई, मान वाकडी करी, बराच वेळ चघळी, आणि मग काहीतरी खाली पडे. मी काठीने ते ओढून घेतले. गवताचा चोथा! ओला, वळकटीसारखा वळलेला. तासाभरात असे सात-आठ गोळे पडले.

मी ओरडले, "मृण्मयी, हिची दाढ दुखते आहे!"

"तुला कसं कळलं?"

"कवळी बसवण्यापूर्वी मी दोन वर्षे भाकरी अशीच खात होते. एका गालाने चघळायची आणि चोथा पदराआड टाकायचा. लोकांना वाटे, म्हातारी पोटभर जेवली."

आमा ओशाळली. ते गोळे ती रोज पहाटे झाडून टाकत असे. घोडीने सांडलेले गवत समजून. मृण्मयी गाडीतून जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट आणि लांब दांड्याची कानस घेऊन आली. गाभण घोडीला जपून, अगदी थोडे गुंगीचे औषध दिले. तेनझिनने डोके धरले, मी कपाळावर हात ठेवून अश्विनीकुमारांचे स्मरण करत राहिले. वरच्या दाढांच्या कडा पात्यासारख्या झाल्या होत्या. गाल आतून सोलवटला होता. त्या कडांवर कानस खरखरत होती, आणि मृण्मयीच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

दोन दिवस कोमट पाण्यात भिजवलेले बारीक गवत दिले. तिसऱ्या सकाळी तेनझिनने वाळल्या गवताचा भारा टाकला. आम्ही चौघे तिच्या तोंडाकडे पाहत उभे. कर्मोने घास घेतला, आणि चावण्याचा तो कुरुम-कुरुम आवाज सुरू झाला. सरळ, संथ, अखंड. खाली काही पडले नाही. मी वेदघोष पुष्कळ ऐकले आहेत. इतक्या समाधानाने फार थोडे. आमाने मला मिठीच मारली, आणि तेनझिन मृण्मयीला म्हणाला, "डॉक्टर जी, आप पढ़ी-लिखी हो, लेकिन दादी को नौकरी पे रख लो!"

"पगार झेपणार नाही," मृण्मयी म्हणाली. त्या रात्री माझ्या हरभऱ्यांची उसळ साऱ्या घराने चाटून-पुसून खाल्ली.

मार्गशीर्षात मी झाशीला परतले. इकडे थंडीत इलाइट चौराह्यावर लोक शेकोटीला बसतात, आणि मला वाटते, यांना थंडी कशी ती ठाऊक नाही. लग्नसराईतली घोडी दिसली, की मी मालकाला विचारते, "दाढा पाहिल्या का?" तो मला वेडी समजतो, पण दोघांनी पशुवैद्याला दाखवल्या आहेत. माझ्यापाशी उरले ते हेच : अन्न समोर ठेवले म्हणजे दान झाले, असे मी मानत होते. ते घेणाऱ्याच्या अंगी लागेपर्यंत दात्याने उठू नये.

ज्येष्ठात झाशी भट्टीसारखी तापलेली असताना मृण्मयीचा व्हिडिओ आला. पिनच्या हिरव्या उतारावर कर्मो चरत होती, पाठ भरलेली, बरगड्या झाकलेल्या. आणि तिच्या पोटाखाली लटपटत्या पायांवर उभे राहून एक राखाडी शिंगरू दूध पीत होते. मी देवघरात गेले आणि गूळ ठेवला.

हे वाचणाऱ्या सर्वांच्या ताटात योग्य अन्न पडो, ते चावण्याचे बळ मुखात राहो आणि पचवणारा अग्नी कधी न विझो. तुमच्या दाराशी बांधलेल्या मुक्या जिवालाही तेच लाभो. शुभं भवतु.