खुर्ची नसलेला सत्कार

माझी आत्ती हुपरीत आमच्याच घरात राहायची. फार लवकर विधवा झालेली. घरात चांदीचं काम चाले. दुपारी पैंजणांच्या कड्या जोडत बसली की ती मला आपल्या संसाराची गोष्ट सांगायची, पण उलटी. आधी नवऱ्याच्या तिरडीपुढचं रडणं, मग काविळीचं अंथरूण, मग दोघांचं एक मोठं भांडण, मग एस.टी.तून जयसिंगपूरचा बाजार. सगळ्यांत शेवटी लग्न. वरात परतताना रस्ता तापला होता म्हणून नवऱ्यानं स्वतःच्या चपला काढून तिला घातल्या आणि तो अनवाणी चालला. तिथं गोष्ट संपायची.

"अशी उलटी का सांगतीस गं?" मी एकदा विचारलं.

"शेवटाकडनं धरलं की त्यो जित्ता हुतो की," ती म्हणाली.

एकोणीसशे साठचं दशक संपताना मी एम.ए.साठी कोल्हापूरला आले. आमचे एक सर कादंबरीकार होते, गावात मोठं नाव. वर्गात ते सांगत की आता कादंबरीनं घड्याळाच्या मागं धावायचं सोडलं पाहिजे. नवे लेखक काळ मोडतात, एका क्षणाचं पुस्तक करतात, तीस वर्षं एका ओळीत उरकतात. मला ते ऐकताना अंगावर काटा यायचा. हे तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. एका संध्याकाळी रंकाळ्यावर सर आणि त्यांच्या पत्नी भेटले. चालता चालता मी त्यांना आत्तीची गोष्ट सांगितली, चपलांसकट. सर मध्येच थांबले. "पुन्हा सांग," म्हणाले. मी किती खूश झाले होते.

दोन वर्षांनी त्यांची कादंबरी आली. तिरडीपासून लग्नापर्यंत उलटी जाणारी. भांडण तेच, कावीळ तीच, शेवटच्या पानावर तापलेला रस्ता आणि अनवाणी नवरा. सगळीकडे वाहवा झाली. मराठीत काळाचा असा खेळ कुणी केला नव्हता म्हणे. एका सभेत सरांनी सांगितलं की ही कल्पना त्यांना रंकाळ्यावर एकटं फिरताना सुचली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"कल्पना कुणाच्या मालकीची नसते, बरं का," ते म्हणाले. "तुझी आत्या लिहिणार होती का ती? मी लिहिली म्हणून ती जगली."

"निदान तिचं आहे एवढं तरी म्हणा."

"वाचकाला त्याचं काय?"

सुट्टीत मी ते पुस्तक हुपरीला नेलं आणि आत्तीला वाचून दाखवलं. वाटलं होतं, तिला राग येईल. ती हातातली कडी तशीच धरून ऐकत राहिली. चपलांपाशी आले तेव्हा तिनं विचारलं, "ह्यो मानूस आमच्या वरातीत कवा आलता?"

त्यानंतर तिनं ती गोष्ट कधी सांगितली नाही. मी आग्रह केला, तर म्हणाली, "आता ती समद्यांची झालीया. माजा नवरा त्यात न्हाय." चोरी मी कदाचित विसरले असते. हे नाही विसरले.

मला गारगोटीच्या शाळेत नोकरी लागली. तिथं मी लिहायला बसले. काळाचं जे जे सरांनी वर्गात शिकवलं होतं, ते सगळं मी त्यांच्यावरच वापरलं. माझ्या कादंबरीत एका थोर लेखकाचा सत्कार आहे. सभेचे अध्यक्ष शाल उलगडतात, लेखक खुर्चीतून उठतो, मान किंचित पुढं करतो. पुस्तकभर एवढंच घडतं. शाल खांद्यापर्यंत पोचत नाही. तो तसा उभा असताना मी त्याला मागं नेलं, पुढं नेलं. त्यानं कुणाकुणाकडून काय काय उचललं ते दाखवलं. त्याला म्हातारा केला, ऐकू येईनासं केलं, त्याची पुस्तकं रद्दीत तोलून घेतली, पुन्हा तरुण करून स्टेजवर आणला. पण खाली बसू दिलं नाही. चष्मा पुसण्याची लकब ठेवली, आणि 'बरं का' सुद्धा. ही पानं लिहिताना मला जी चव आली, ती पुन्हा कशाला आली नाही.

पुस्तक ऐंशीच्या दशकात निघालं. कोल्हापुरात ज्याला त्याला कळलं, हा लेखक कोण ते. सरांना सभेला बोलावलं की शाल आणताना मागच्या रांगेतून खसखस पिकायची. हळूहळू ते सत्काराला नकार देऊ लागले.

एका रविवारी ते एस.टी.नं गारगोटीला आले. थकले होते. मी त्यांना बसवलं, चहा दिला.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं."

मी बशी त्यांच्याकडे सरकवली.

"किती दिवस उभा ठेवणार आहेस मला?"

"कादंबरीत दिवस मोजत नाहीत सर. तुम्हीच शिकवलंत."

"दुसरी आवृत्ती निघतेय म्हणे. शेवट बदल. ती शाल पडू दे अंगावर, मला बसू दे. मी कबूल करतो, तुझ्या आत्यानं सांगितलं होतं ते."

"माझ्यापुढं कबूल करून काय? सभेत म्हणा."

त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "या वयात ते जमायचं नाही," म्हणाले आणि उठले. मी स्टँडपर्यंत पोचवायला गेले नाही.

लोक मला निर्दय म्हणतात. म्हणोत. दुसऱ्या आवृत्तीत मी खरंच एक बदल केला. पहिल्या आवृत्तीत त्या लेखकाच्या मागं एक खुर्ची होती. ती मी काढून घेतली. नंतर मला कळलं, सरांनी तेही वाचलं होतं.