कादंबरीतली बहीण आणि माझी सही

संधी खर्च म्हणजे काय, हे अकरावीच्या पोरांना सांगता सांगता माझा जीव मेटाकुटीला आला होता. व्याख्या सगळ्यांना पाठ. झोपेतून उठवून विचारा, धडाधड म्हणतील: एक पर्याय निवडताना जो दुसरा सोडून द्यावा लागतो, त्याचं मोल म्हणजे संधी खर्च. बरं, उदाहरण द्या म्हटलं की सगळे खिडकीबाहेर बघायला मोकळे. आमचं कॉलेज औंढ्याच्या रस्त्यावर. सिद्धेश्वरकडच्या गावांतून पोरं एसटीनं येतात, निम्मी पहिल्या तासाला पोचत नाहीत आणि पोचलेली धड जागी नसतात. मी म्हटलं, एका वावरात हळद लावली तर तिथं दुसरं पीक सोडून द्यावं लागतं ना? मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं, "न्हाई मॅडम, हळदीत काठाकाठानं तूर बी लावतो आमी." झालं, तो तास तुरीवरच गेला.

म्हणून मी बाबांच्या कपाटातली एक जुनी, नावाजलेली कादंबरी वर्गात नेली. बाबांच्या पिढीनं डोक्यावर घेतलेली. तिच्यात एक थोरली बहीण आहे. बाप गेल्यावर जमिनीतला आपला वाटा ती धाकट्या भावांना सोडून देते, भाऊ तिला साडीचोळी करतात आणि तिचं माहेर शाबूत राहतं. आमच्याकडे याला हक्कसोड म्हणतात, आणि आजही घरोघरी बहिणी रजिस्ट्रीच्या कचेरीत जाऊन सही करून येतात. मला वाटलं, याहून सोपं उदाहरण कुठं मिळणार? तिला काय मिळालं ते एका बाजूला, तिनं काय सोडलं ते दुसऱ्या बाजूला. फळ्यावर मधे एक रेघ ओढली की संपलं.

मी तो सहीचा प्रसंग वाचून दाखवला. वर्ग पहिल्यांदाच गप्प होता. पोरी डोळे पुसत होत्या, एक तर ओढणीत नाक शिंकरत होती. मला बरं वाटलं. मग मी विचारलं, सांगा, या बाईचा संधी खर्च काय?

"काहीच न्हाई मॅडम. सही फुकटच केली की तिनं."

दुसरा म्हणाला, स्टॅम्प पेपर भावानं आणला, म्हणजे खर्च भावाचा. तिसऱ्यानं त्यात कचेरीला जायचं जीपभाडं धरलं. एका पोरीनं साडी महागाची होती का साधी, असं विचारलं. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, जमीन! जमीन सोडली ना तिनं! तर त्यांच्या चेहऱ्यावर असं, की मॅडम काय बोलून राहिल्या, जमीन तिची होतीच कुठं.

पुढच्या बाकावर एक पोरगी बसायची. तिच्या घरी मेंढरं, त्यामुळे ती कधी यायची, कधी नाही. ती उभी राहिली. "मॅडम, सही न्हाई केली असती तर माहेर गेलं असतं तिचं."

"तो दुसऱ्या पर्यायाचा खर्च," मी म्हटलं.

"मग दोन्हीकडून जायाचंच की तिचं काहीतरी."

"तेच तर शिकवतेय ना मी इतका वेळ. बस खाली." बेल झाली होती, पोर्शन मागं पडला होता, आणि खरं सांगायचं तर मी जास्तच चिडले होते. कारण ती सही त्या दिवसांत माझ्याही डोक्याला लागलेली होती.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. आमची जमीन वसमतकडं, कॅनॉलच्या पाण्याखालची. मायनं स्वतःचा हिस्सा माझ्या भावाच्या नावे केव्हाच सोडून दिला होता, कुणाला न विचारता. राहिले मी. भाऊ माझ्याहून धाकटा. त्याचा दर दोन दिवसांनी फोन, "ताई, रजिस्ट्रीला कवा येऊन राहिली?" मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू कस, तू खा, मला पोतंभर धान्यही नको, फक्त माझं नाव सातबाऱ्यावर राहू दे. मला ती जमीन विकायची नव्हती. पण बाबांच्या नावाखाली माझं नाव असावं असं वाटत होतं, आणि ते वाटणं मला कुणाला पटवून द्यायचं नव्हतं.

"नाव काहून पाहिजे मग?" भाऊ म्हणायचा. "तुला पगार हाय, दाजींना पगार हाय. लोकं काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, माझ्याशी बोला."

"सगळ्याच बहिणी करतात, ताई."

हेच मी सकाळी वर्गात ऐकायचे आणि संध्याकाळी फोनवर. मी फोन ठेवून द्यायचे आणि कुकरवर राग काढायचे. आमचे हे शहाण्यासारखे पेपर उघडून बसायचे.

मग एका रविवारी दुपारी माय आली. एकटी, एसटीनं, हातात मोठी पिशवी. मी चाचणीचे पेपर तपासत होते. कादंबरीतल्या बहिणीचा संधी खर्च सांगा, असा प्रश्न मुद्दाम टाकला होता आणि निम्म्या वर्गानं उत्तर लिहिलं होतं: साडी. माझं डोकं आधीच तापलेलं.

माय पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. "टाक ना बाई एक सही. मी न्हाई का टाकली? माझ्या भावाला बी टाकली, तुझ्या भावाला बी टाकली. काय बिघडलं माझं?"

मला राहवेना. मी पेपर बाजूला सारले आणि तिला वर्गासारखंच समजावत बसले. माय, तुला काय मिळालं ते सांगू नको, तू काय सोडलंस ते सांग. तुझा माहेरचा वाटा कुठं होता?

"कनेरगाव नाक्यापाशी. रोडला लागून."

"तिथं आता काय आहे?"

"ढाबा हाय, माझ्या भाच्याचा." मग म्हणाली, "एकडाव आमी वाशिमला जाताना बसलो होतो तिथं. चा प्यालो. पैशे घेतले त्यांनी."

हे ती तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून सांगत होती, आणि त्यानंच माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, माय, मी सही करणार नाही. तू सांगितलं तरी नाही, आणि त्यानं येऊन पाय धरले तरी नाही. पुन्हा हा विषय काढू नको.

तिनं विषय काढला नाही. मी वाढलेली भाकरी आणि वांग्याची भाजी गुमान खाल्ली, ताट स्वतः धुतलं, नको म्हटलं तरी. मग पदराला हात पुसत आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मग मला कपाटात एक कप्पा रिकामा करून दे."

"कप्पा? किती दिवस राहणारेस?"

ती पिशवी पलंगावर रिकामी करायला लागली. रोजची लुगडी, सणाचं लुगडं, शाल, बीपीच्या गोळ्यांचा डबा, बाबांचा फोटो फ्रेमसकट. चार दिवसांच्या पाहुणीचं ते सामान नव्हतं. मी विचारत राहिले तेव्हा तिनं सांगितलं. भावजय म्हणाली होती, सही घेऊनच या, न्हाई तर लेकीकडंच ऱ्हावा.

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"तो तिथंच होता. पिशवी त्यानंच स्टँडवर आणून दिली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल, आणि त्या रागात मला लाजही वाटली, तिनं इतका वेळ काहीच न सांगता भाकरी खाल्ली याची. मी फोन उचलला. म्हटलं, करते सही. उद्याच करते. घाला म्हणावं ती जमीन घशात, आणि माझ्या आईला तिच्या घरात राहू द्या.

मायनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि पालथा घालून पलंगावर ठेवला.

"आता करू नको."

"काहून? तूच तर सही मागायला आलीस ना?"

"व्हय, आलते." ती बाबांचा फोटो पदरानं पुसत होती. "पण तू सही केली तर मला तिथं परत जावं लागंल."

मी माझ्या साड्या काढून खुर्चीवर ठेवल्या आणि तिला मधला कप्पा दिला, तिचा हात पोचेल असा.