बावीस नंबर

नामांतरावरून शहर पेटलं होतं, तेव्हाच वाळूजच्या आमच्या कारखान्यात मोठा कॉम्प्युटर आला. सगळ्यांनी आपापल्या टेबलावरून नाव टाकून त्याला जोडून घ्यायचं होतं, आणि त्या नावावरून आत आमची जुंपली. स्टोअरवाल्यांना ‘देवगिरी’ पाहिजे, अकाउंटवाल्यांना ‘दौलताबाद’. किल्ला एकच, पण जेवणाचे डबे वेगळ्या टेबलांवर उघडायला लागले.

कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस पान चघळत अगदी हळू बोलायचा. आमच्याकडं आडनावावरून माणूस जोखतात. त्याला आडनाव विचारलं की म्हणायचा, “इंटरकॉमचा नंबर घ्या की. बावीस.” मग सगळे त्याला बावीसच म्हणायला लागले.

भांडण त्यानंच मिटवलं. टेबलावरचा कॉम्प्युटर एखाद्या नावामागचा नंबर बाहेर विचारण्याआधी स्वतःच्या पोटातली नोंद बघतो. बावीसनं ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ज्याला त्याला आवडेल ते नाव घालून दिलं. दोन्हीकडच्यांनी आपणच जिंकलो म्हणून पेढे वाटले. दुसऱ्याच्या टेबलावर आपलं नाव चाललं नाही, की म्हणायचे, “याचं मशीन बिघडलंय.”

बावीसच्या मशीनवर मी दोन्ही नावं टाकून पाहिली. एकही लागेना.

“तुम्ही कोणतं ठेवलं?”

“कोणतंच नाय, साहेब. मी नुसत्या नंबरानं जातो. नावापायी लई डोकी फुटत्यात.”

पुढं इंटरकॉम नवा आला आणि बावीसचा नंबर एकेचाळीस झाला. मोठ्या साहेबांनी तसं फलकावर लावलंही. मी एकेचाळीस फिरवला. पलीकडून पान गालात सरकवल्याचा आवाज आला, आणि मग तो ठसक्यात म्हणाला, “बोला, बावीस बोलतोय.”