मंगळाच्या राजाला काय हवं होतं

कल्याणच्या महिपतचं सगळं आयुष्य राक्षस होण्यात गेलं. आवाज रांजणातून यावा तसा घुमणारा, भुवया जाड, आणि मान अशी ताठ की समोरच्याला उगाच आपण बुटके असल्यासारखं वाटावं. नाटकमंडळीत तो वर्षानुवर्षं राक्षसपार्टी करत आला होता. रावणापासून बकासुरापर्यंत साऱ्यांबद्दल त्याला आदर होता. नव्हता तो नाटकं लिहिणाऱ्यांबद्दल.

मंगळावर कालवे दिसल्याचं वर्तमानपत्रांत छापून येऊ लागलं, तेव्हा ठाण्याच्या त्र्यंबकराव वकिलांनी त्यावर नाटक रचलं. मंगळाचा राजा अग्नियंत्रं घेऊन उतरतो, ठाणे जाळतो, आणि शेवटच्या अंकात नायकाच्या प्रार्थनेने अंगावर वीज पडून मरतो. राजाचं काम अर्थात महिपतकडे आलं.

पहिल्याच तालमीत त्याने विचारलं, "वकीलसाहेब, हा आलाय कशाला?"

"पृथ्वीचा संहार करायला."

"एवढ्या लांबून?"

वकिलांनी मग सोनं सुचवलं, मग बायका, शेवटी नुसता द्वेष. महिपत सुपारी कातरत ऐकत होता. रावणाला सीता हवी होती, बकासुराला गाडाभर अन्न. या राजाला कशाचीच गरज नाही, मग तो घराबाहेर पडलाच कशाला, असं त्याने साऱ्या मंडळीसमोर सुनावलं. "कालवे खणणारे लोक ते. त्यांना पाणी हवं असणार. पाणी हवंय, तर ते शेंदणारे हात कोण जाळील? इतका मूर्ख राजा माझ्याच्याने होणार नाही."

"नको करूस," वकील म्हणाले. "माझ्या मेहुण्याचं, प्रभाकरचं, सगळं पाठ आहे."

महिपतने अडकित्ता खाली ठेवला. राजा गेला तर मागच्या रांगेत भाला धरून उभं राहायचं, आणि या वयात ते म्हणजे मंडळीतून उठल्यासारखंच. अखेर ठरलं की पहिला प्रयोग महिपतने आपल्या मनासारखा करावा. अण्णासाहेबांना पसंत पडला नाही, तर पुढे प्रभाकर. अण्णासाहेब म्हणजे कोलशेतच्या मिठागरांचे मालक. नाटकाचा सारा खर्च त्यांचा, त्यामुळे नाटकातलं कळणंही त्यांचंच.

टेंभी नाक्याजवळ मांडव पडला. अण्णासाहेब पुढे लोडाला टेकून बसले. तिसऱ्या अंकात राजाने ठाणे जाळायचं होतं. महिपत आला, त्याने अग्नियंत्रं बाजूला ठेवायला लावली आणि पायरीवर चक्क मांडी घातली. गावचं तळं छान राखलंय तुम्ही, समोरच्या प्रेक्षकांना म्हणाला. पीकपाण्याची चौकशी केली. मग आत ठेवलेलं शाल-नारळाचं तबक मागवलं. ते खेळ संपल्यावर अण्णासाहेबांच्या सत्कारासाठी होतं.

"मी कुणाला जाळायला आलो नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्हांला तुमचं पाणी हवंय, आणि तुम्हांला ते मोजून देणारा इथलाच एक मातबर माणूस. त्याची मिठागरं, त्याचा मान, सगळं जागच्या जागी राहील. बाकीच्यांनी त्याच्या हातून प्यायचं. असा कोणी योग्य माणूस..."

वाक्य संपायच्या आत अण्णासाहेब उपरणं सावरत उठले. शेजारचे दोघे-तिघे गुडघ्यावर आलेच होते. ते ओशाळून पुन्हा टेकले. अण्णासाहेबांनी रंगमंचावर चढून मान वाकवली, महिपतने शाल घातली. ठाणे राजाच्या हाती गेलं होतं आणि ठाणे टाळ्या वाजवत होतं.

पुढच्या अंकात नायकाने प्रार्थना केली, वीजही पडली, पण तोवर अण्णासाहेब शाल पांघरून घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी महिपतला आणि वकिलांना बोलावलं. सत्कार मधल्या अंकात ठेवण्याची कल्पना फार सुरेख, राजा दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं वकिलांना बजावलं आणि आपल्या हाताने जरीची पगडी पुढे केली. महिपत एक कडक वाक्य तयार करून आला होता. पगडी पाहताच त्याची मान आपोआप खाली गेली. "आपली कृपा," तो पुटपुटला.

बाहेर पडल्यावर वकील खुशीत होते. "काय रे महिपत, वाकलास की तूही."

महिपतने पगडी काढून काखेत धरली आणि रस्त्यावर थुंकला.

"एका पगडीपायी वाकलो. म्हणून तर सांगतो, ती जाळपोळ कापून टाका."